थीम पार्कला निघताय? बॅग भरताना या चुका टाळा

पहाटेचं कल्याण स्टेशन. गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबणार, आणि आम्ही नऊ माणसं, सामानाचे अकरा डाग. सासूबाई दारात उभ्या, धाकटा जावेच्या खांद्यावर झोपलेला, दीर अजून बर्थखालून शेवटची बॅग ओढतायत. सगळे उतरलो तेव्हा गाडी हलायला लागली होती. सासूबाई प्लॅटफॉर्मवर बसल्या आणि म्हणाल्या, "आते काय करानं?" पुढे कर्जतमार्गे खोपोलीची लोकल पकडायची होती, तीही अकरा डागांसकट.

खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. जळगाव-भुसावळकडची कितीतरी कुटुंबं सुट्टीत तिकडे जातात, आणि बॅगा मात्र लग्नाला निघाल्यासारख्या भरतात. पहिली चूक हीच. स्लीपरच्या एका तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं, त्यामुळे वजन कधी आड येत नाही. हात कमी पडतात. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात म्हाताऱ्या माणसाचा हात, मग बॅग धरायची कशाने?

आता आम्ही सामान माणसांप्रमाणे वाटत नाही, जागेप्रमाणे वाटतो. गाडीची पिशवी, पार्कची सॅक आणि मुक्कामाची बॅग. गाडीच्या पिशवीत चादरी (स्लीपरमध्ये अंथरूण मिळत नाही), जेवण, पाणी, आणि मूळ ओळखपत्र. मुक्कामाची बॅग हॉटेलवर पोचेपर्यंत उघडायची गरजच पडू नये. तिला कुलूप लावा, कारण स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग ठेवून घेत नाहीत. खरा विचार करायचा तो पार्कच्या सॅकचा. घरी अंथरुणावर सामान मांडाल तेव्हा डोळ्यासमोर पार्कचं गेट आणा. तिथे सॅक उघडून बघतात, आणि आपल्या बहुतेक चुका तिथेच उघड्या पडतात.

सुती कपडे

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. खान्देशातल्या मे महिन्यात पारा ४३-४४ला टेकतो, त्यामुळे उन्हाळा म्हटलं की आपला हात आपोआप सुती कपड्यांकडे जातो. पोरांसाठी मी नवे सुती टी-शर्ट आणि बर्म्युडा घेतले होते, जावेने आणि मी सुती पंजाबी ड्रेस. एका वॉटर पार्कमध्ये पाण्याजवळच्या दारात आम्हा सगळ्यांना अडवलं. माझी मुलगी आत खेळणारी पोरं बघत रडवेली उभी, आणि आम्ही भाड्याच्या कॉस्च्युमच्या रांगेत. जवळजवळ पाऊण तास गेला.

पण त्या नियमामागे कारण आहे. सुती कापड पाणी पितं, जड होतं, घसरगुंडीवर अंगाला ओढतं, आणि त्याचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात. नायलॉन किंवा लायक्राचे कपडे घ्या. झिप, धातूची बटणं, टिकल्या-आरसे नकोत, त्यांनी घसरगुंडी ओरखडते. बायकांसाठी लांब बाह्यांचा टॉप आणि गुडघ्याखाली येणारी पँट असा नायलॉनचा सेट मिळतो. सासूबाईंसाठीही तोच घेतला. आधी त्या लाजल्या, मग लाटांच्या तळ्यातून बाहेर यायला तयार होईनात.

कॉस्च्युम घरी एकदा घालून बघा. मांडीला काचत असेल तर दुपारपर्यंत कातडी लाल होते. खोबरेल तेलाची छोटी बाटली किंवा व्हॅसलीनची डबी सॅकमध्ये असली की पाण्यात जाण्याआधीच लावता येतं.

कोरड्या राइडसाठी सुती कपडे चालतात, पण ओढणी घरी ठेवा. गो-कार्टच्या चाकात ओढणी किंवा मोकळे केस अडकले तर जिवावर बेततं. केस घट्ट बांधा. मंगळसूत्र, झुमके, सोन्याची अंगठी यातलं काहीही सोबत नेऊ नका. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. चष्म्याला मागे बांधायची दोरी घ्या. नव्या चपला नकोत. दिवसभर चालणं असतं, त्यामुळे मागे पट्टा असलेले, पायात रुळलेले सँडल बरे.

डबा

बहुतेक पार्कमध्ये बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं तेवढी सहसा सोडतात, ती वरच्या कप्प्यात ठेवा. हे माहीत नसलं की पहाटे उठून केलेल्या दशम्या गेटवर सोडून जायची पाळी येते. ते दुःख मला ठाऊक आहे.

तरी दशम्या कराच, पण गाडीसाठी. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, मात्र गरम असताना डब्यात भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी त्या चिकट होतात, आंबूस वास येतो. सुती फडक्यावर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि त्याच फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. केळी न्यायची तर थोडी हिरवट घ्या; पिकलेली घड बंद पिशवीत एका रात्रीत काळी पडते. पार्कमध्ये शिरायच्या आधी सगळ्यांनी बाहेर पोटभर खाऊन घ्यायचं, म्हणजे आत दुपारी उशिरा एकदा खाल्लं तरी भागतं.

पाण्याची रिकामी बाटली मात्र जवळ असू द्या. ओआरएसची पाकिटं घ्या, आणि घेताना पाकिटावरचं वाचा. मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं, ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. छोटं चार ग्रॅमच्या आसपासचं, ते एका ग्लासात, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये. मोठं पाकीट एका ग्लासात ढवळून पोराला पाजलं तर मीठ जास्त होऊन उलट त्रास होतो. आणि ही चूक मी खूप घरांत बघितली आहे.

ज्यांना राइडवर मळमळतं त्यांची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि आधी अर्धा तास द्या. राइडच्या रांगेत देऊन उपयोग नाही. सनस्क्रीनचंही तसंच, उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. बीपी-शुगरच्या गोळ्या मुक्कामाच्या बॅगेत राहून गेल्या असं आमच्याकडे एकदा झालं. आता त्या माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये असतात.

जूनमध्ये जाणार असाल तर छत्र्या विसरू नका. आपल्याकडे आभाळ कोरडं असतं, पेरणीची वाट बघत असतो, आणि खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी धो-धो पाऊस लागलेला असतो.

मोबाइल पाण्यात गेला तर लगेच बंद करा, पुसा आणि वाऱ्यावर ठेवा. सुरू होतो का बघायला चार्जरला लावू नका. तांदळात पुरूनही फायदा नाही, पीठ आणि धूळ मात्र भोकांत शिरते.

परतताना ओले कॉस्च्युम गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. रात्रभराच्या प्रवासात ते कुबट होतात आणि काळे ठिपके पडतात. टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा, रात्री रूमच्या खिडकीत वाळत घाला, तेवढा वेळ नसेल तर पिशवीचं तोंड उघडं ठेवून गाडीतल्या हुकाला अडकवा. घरी पोचल्यावर चहाच्या आधी ती पिशवी रिकामी करा.