विनिपेगच्या पहिल्या हिवाळ्याआधी

कॅनडातल्या विनिपेगला नव्याने आलेली आपली माणसे ऑक्टोबर लागताच कोटांची चौकशी सुरू करतात. कोट इथे येऊनच घ्यावा, एवढेच त्याबद्दल सांगतो. कारण मोठी तयारी घराची असते आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते.

आमचे नुकसान घरानेच केले. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात आम्ही पाच आठवड्यांसाठी साताऱ्याला गेलो. गॅसचे बिल वाचावे म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे घराची उष्णता ठरवणारे बटण, ८ अंशांवर आणला, पाण्याचा पुरवठा चालूच ठेवला आणि किल्ली कोणाकडेही दिली नाही. थंडीची लाट आली तेव्हा बाहेरच्या भिंतीतून जाणारा स्वयंपाकघराचा पाइप गोठला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि त्या दाबाने पाइप फुटतो. बर्फ वितळला की त्यातून पाणी वाहू लागते. आमच्याकडे ते किती दिवस वाहिले, कोण जाणे. तळघराचे छत, फरशी, लग्नाचे फोटो, सगळे गेले. विमा कंपनीचा पहिला प्रश्न होता, तुमच्यामागे घर कोण बघत होते? हिवाळ्यात घर रिकामे ठेवताना पाणी बंद करावे किंवा कोणीतरी नियमित पाहणी करावी, अशी अट पॉलिसीत होती आणि मी ती वाचलेली नव्हती. दावा नामंजूर झाला.

म्हणून भारतात निघण्यापूर्वी तळघरातला, पाण्याच्या मीटरजवळचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, मग सगळे नळ उघडून पाइप रिकामे करावेत, थर्मोस्टॅट १५ अंशांच्या खाली नेऊ नये आणि शेजाऱ्याला किल्ली द्यावी. परक्याला किल्ली कशी द्यायची, हा आपल्या लोकांचा संकोच मला पटत नाही. या शहरात शेजारी एकमेकांची दारे आणि फुटपाथ सांभाळतात, आपणही त्यांचा बर्फ उपसावा. घरी असतानाही फर्नेसचे, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचे, भिंतीबाहेर निघणारे पाइप बर्फाने बुजले नाहीत ना, हे प्रत्येक हिमवादळानंतर पाहावे आणि ते बुजले की घरात साचू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ लावावा.

गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, असेल तर उणे १५ च्या खाली निघण्याआधी तीन-चार तास त्याची वायर जोडून ठेवावी. टायरवर काटकसर करणारे बरेच जण आपल्यातच भेटतात. पण साध्या टायरचे रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागते, तेव्हा हिवाळी टायर चारही चाकांना लावावेत. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. गाडी बर्फात अडकल्यास ती सोडून चालू लागू नये, आणि इंजिन सुरू करण्याआधी धुराची नळी मोकळी करावी.

भारतातून आलेल्या आईवडिलांना तापमानाबरोबर वाऱ्याचा आकडाही वाचायला शिकवावे. विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा आकडा, उणे ४० झाला की उघडी त्वचा ५ ते १० मिनिटांत गोठू शकते. लहान मुलाला कार सीटमध्ये बसवताना जाड जाकीट काढावे, पट्टे अंगालगत घट्ट करावेत आणि मग जाकीट वरून पांघरावे.