पोस्टग्रेसचा बॅकअप घ्या, आणि उघडूनही बघा

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या साइटच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी, म्हणजे डेटाबेसच्या फाइलींचा फोल्डर, पुसली. बॅकअपचं काम रोज लावलेलं होतं, पण फाइल शोधायला गेले तर जागा रिकामी! सर्व्हर पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) ९.६ चा, त्याचा बॅकअप म्हणजे डंप काढणारी पीजी_डंप ही कमांड मात्र ९.२ ची. डंप रोज फसत होता आणि ते कळवणारे मेल कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, होता, म्हणून निभावलं.

तेव्हा आधी आवृत्ती बघा. सर्व्हरची मुख्य आवृत्ती पीजी_डंपपेक्षा नवी असेल तर डंप निघत नाही. उलट असेल तर चालतं.

डंप घेताना डॅश, कॅपिटल एफ, स्मॉल सी हा पर्याय द्या. फाइल आपोआप कॉम्प्रेस होते आणि पुढे त्यातून हवं ते एकच टेबल काढता येतं. साध्या एसक्यूएल फाइलीत ही सोय नाही. डंप चालू असताना लोकांच्या नोंदी थांबत नाहीत. फक्त सुरुवातीनंतरच्या नोंदी त्यात येत नाहीत. युजर आणि त्यांचे पासवर्डही त्यात नसतात, हे बरेच जण विसरतात. त्यांच्यासाठी पीजी_डंपऑलला ‘ग्लोबल्स-ओन्ली’ सांगून वेगळी फाइल काढा. दोन्ही फाइली दुसऱ्या मशीनवर हलवा.

आता खरं काम. त्या दुसऱ्या मशीनवर आधी युजरची फाइल पीएसक्यूएलने चालवा, मग क्रिएटडीबीने रिकामा डेटाबेस तयार करा आणि त्यात पीजी_रिस्टोअर या कमांडने डंप भरा. तिला डॅश जे ४ दिलंत तर चार कामं एकदम चालतात. डॅश ई जरूर द्या. नाहीतर चुका आल्या तरी गडी पुढे जात राहतो आणि शेवटी नुसता चुकांचा आकडा सांगतो. ‘क्लीन’ हा पर्याय चालू डेटाबेसवर चुकूनही नको, तो आधीची टेबलं उडवतो. झाल्यावर ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा, नाहीतर क्वेरी रेंगाळतील.

मोठ्या टेबलांमधली शेवटची नोंद कोणत्या वेळेची आहे ते पाहा. रिस्टोअरला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. अडचणीच्या दिवशी साहेब पहिल्यांदा तेच विचारतात.

मग हे क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, टाका. एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे ठीक) शून्य नसेल तर मोबाइलवर मेसेज यावा. तो येतो का, हे एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन तपासा.