फुल मॅरेथॉनला पाणी किती प्यायचं? तुमचा आकडा घरच्या वजनकाट्यावर असा काढा

माझ्या पहिल्या फुल मॅरेथॉनला मी एकही वॉटर स्टेशन सोडलं नाही, प्रत्येक ठिकाणी अख्खा ग्लास संपवला, कारण सगळ्यांनी तेच बजावलेलं की तहान लागायच्या आधी पी. तिसाव्या किलोमीटरला पोटात पाणी डुचमळायला लागलं, मळमळ सुरू झाली आणि बोटातली अंगठी फिरवून बघितली तर ती जागची हलेना, बोटं टम्म सुजलेली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी अजून प्यायलो. नेमकं उलटं करत होतो हे नंतर डॉक्टर मित्राने समजावून सांगितलं, तेव्हापासून नवीन रनर भेटला की मी शूजच्या आधी पाण्याचं विचारतो.

आपल्याला डिहायड्रेशनची भीती घातलेली असते आणि ती खोटी नाही. घाम जाऊन रक्तातलं पाणी कमी झालं की त्याच पेसला हार्ट रेट चढतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, पाय जड होतात. पण दुसऱ्या टोकाला हायपोनॅट्रेमिया असतो, म्हणजे पाणी इतकं जास्त होतं की रक्तातलं सोडियम पातळ होऊन लिटरला 135 मिलिमोलच्या खाली जातं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये फिनिश लाइनला 488 रनर्सचं रक्त तपासलं तेव्हा त्यातल्या 13 टक्के लोकांना हे झालेलं सापडलं, आणि त्यात जास्त करून कोण, तर चार तासांहून जास्त वेळ घेणारे आणि पळून वजन वाढलेले. म्हणजे आपल्यासारखेच, हौशी.

गणित करून बघा ना. थंड हवेत हळू पळणारी सडपातळ व्यक्ती, घाम तासाला 500 मिली, वेळ साडेपाच तास, म्हणजे घाम गेला पावणेतीन लिटर. तिने 20 स्टेशनला 200 मिलीचा एकेक ग्लास संपवला तर पोटात गेलं 4 लिटर. हे वरचं सव्वा लिटर लघवीवाटे निघून जाईल असं वाटतं, पण खूप वेळ पळताना शरीर पाणी धरून ठेवणारं हार्मोन सोडत राहतं, त्यामुळे किडनी ते बाहेर टाकतच नाही.

तर पहिलं काम, घामाचा आकडा काढा. रेसच्या पेसने एक तास पळायचं, शक्यतो रेसच्या दिवशी असेल तशाच हवेत. निघायच्या आधी लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा. बाटलीत मोजून पाणी घ्या. परत आल्यावर घामट कपडे काढा, अंग नीट कोरडं पुसा (केसांतला घामसुद्धा, तो वजनात धरला जातो) आणि पुन्हा काट्यावर उभे राहा. समजा आधी 62 किलो, नंतर 61.2, मध्ये प्यायलात 300 मिली. गेलेलं 800 ग्रॅम म्हणजे 800 मिली, त्यात प्यायलेले 300 मिळवा, झाला 1.1 लिटर ताशी. मध्ये लघवीला गेला असाल तर तेवढं अंदाजाने वजा करा. एकदा करून थांबू नका, उन्हातला आकडा आणि पहाटेचा आकडा इतका वेगळा येतो की एकाच माणसाचे वाटत नाहीत, म्हणून तीन-चार लाँग रनला करा आणि हवा कशी होती तेही शेजारी लिहून ठेवा.

आता प्लॅन. गेलेला घाम सगळाच्या सगळा भरून काढायचा नसतो. वजन साधारण 2 टक्क्यांपर्यंत घटलं तर काळजीचं कारण नाही, थोडं त्याच्या पुढे गेलं तरी बहुतेकांना चालतं, कारण स्नायूंतली साठवलेली साखर जळते तिचंही वजन त्यात असतं. वरच्या 62 किलोवाल्याला साडेचार तासांत 5 लिटर घाम येईल, त्याला तीन ते सव्वातीन लिटर पुरतं, म्हणजे तासाला 700 मिलीच्या आसपास. बहुतेक लोक 400 ते 800 च्या मध्ये कुठेतरी बसतात. मात्र हा आकडा वरची मर्यादा धरा, टार्गेट नाही. तहान लागली नसेल तर आकडा पूर्ण करायला म्हणून पिऊ नका, 2015 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तज्ज्ञांनीही तहानेप्रमाणेच प्या असं सांगितलंय.

एक गैरसमज मला फार खटकतो, की इलेक्ट्रोलाइट पितोय म्हणजे आपण सेफ. रक्तात सोडियम लिटरला 140 मिलिमोलच्या आसपास असतं, नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये 20 च्या आसपास आणि ओआरएसमध्ये 75, म्हणजे प्रमाणाबाहेर प्यायलात तर तेही रक्त पातळच करणार. टोपीवर पांढरे मिठाचे पट्टे उमटत असतील, डोळ्यांत घाम चुरचुरत असेल तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे, तुम्ही ते जरूर घ्या, पण पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच कालवा, घट्ट केलंत तर पोट बिघडेल. आणि लाँग रनला ट्राय न केलेलं काहीही रेसला घेऊ नका.

रेसच्या सकाळी तीन-चार तास आधी किलोमागे 5 ते 7 मिली, म्हणजे 60 किलोला 300 ते 420 मिली, सावकाश. लघवी फिकट पिवळी असली की झालं, पाण्यासारखी पांढरी व्हायची गरज नाही. गुडघा दुखेल म्हणून आधीच आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन निघू नका, किडनीवर ताण येतो आणि सोडियम घसरायचा धोका वाढतो.

स्टेशनवर पहिल्या टेबलाशी गर्दी करू नका, पुढच्या टेबलावर मोकळं असतं. कागदी कप वरून चिमटीत दाबून त्याची चोच करा, दोन-तीन घोट घ्या, उरलेलं डोक्यावर ओता, कप संपवलाच पाहिजे असं काही नाही. मधूनमधून अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा चाचपून बघा. घट्ट झाला असेल, पोट डुचमळत असेल तर पिणं थांबवा.

फिनिशनंतरही बाटल्या घटाघटा रिकाम्या करू नका, खारट काहीतरी खा, तहानेप्रमाणे पीत राहा, लघवी सुरळीत होईपर्यंत हात आखडता ठेवा. घरी आल्यावर वजन करा, निघतानापेक्षा वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय. डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, सोबतचा रनर असंबद्ध बोलायला लागलाय तर त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावू नका, लगेच मेडिकल टेंटमध्ये न्या आणि डॉक्टरांना सांगा की हा किती तास पळाला, अंदाजे किती पाणी प्यायला, सलाइन लावायच्या आधी सोडियम तपासा.