पुण्यात आपल्या गल्लीचं काम पालिकेच्या बजेटमध्ये कसं टाकायचं

स्मार्ट सिटी म्हटलं की अ‍ॅप नि सर्व्हेच आठवतात. पुण्यात २०१५ ला मतं मागवली तेव्हा लोकांनी भरभरून लिहिलं, पण मोठ्या कामांचा भर औंध-बाणेर-बालेवाडीवर राहिला, बाकी शहरातला कोपऱ्यावरचा दिवा आणि फुटपाथ अजूनही महापालिकेच्या बजेटमधूनच होतो. आणि त्या बजेटसाठी आपण थेट काम सुचवू शकतो, ही सोय २००६ पासून आहे, तरी कित्येकांना पत्ताच नाही याचं खरंच वाईट वाटतं.

साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात पालिका पुढच्या वर्षासाठी अर्ज मागवते, फॉर्म वॉर्ड ऑफिसला मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. काम छोटं हवं, एका कामाला पाच लाखांच्या आसपास मर्यादा असते, म्हणजे बाकडी, दिवे, फुटपाथ, बस स्टॉप असं. सोसायटीच्या कंपाउंडच्या आतलं चालत नाही.

खरी मेख लिहिण्यात आहे. "आमच्याकडचे फुटपाथ नीट करा" असं लिहिलंत तर इंजिनिअर जाणार तरी कुठे? त्यापेक्षा "शाळेच्या गेटपासून बस स्टॉपपर्यंत, डाव्या बाजूला, फरशा उखडल्यात, विजेच्या डीपी बॉक्समुळे मुलं रस्त्यावर उतरून चालतात" असं लिहा, पावलांनी लांबी मोजून टाका, दोन फोटो जोडा. एका अर्जात एकच काम. आणि शेजारच्या चार घरांनाही त्याच कामाचा अर्ज भरायला सांगा, मागणी एकट्याची नाही हे दिसायला पाहिजे.

अर्ज हातोहात दिला तर पोच घ्या, त्यावर आवक नंबर आणि शिक्का बघूनच काउंटर सोडा. मग जेई (पालिकेचा ज्युनिअर इंजिनिअर) जागा बघायला कधी येणार ते विचारून शक्यतो स्वतः हजर राहा, कारण "जागा पालिकेची नाही" असा शेरा तिथेच पडतो आणि काम कटतं.

बजेट मंजूर झालं की नागरिकांच्या कामांच्या यादीत आपलं काम शोधा. यादीत आलं म्हणजे झालं असं मात्र समजू नका, टेंडर आणि वर्क ऑर्डर (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) बाकी असते आणि ३१ मार्चला वर्ष संपतं, त्यामुळे दिवाळीच्या आधीच पाठपुरावा सुरू करा. नुसतं "बघतो" ऐकू आलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मोजमापांची वही) आणि बिलाची प्रत मागा, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा, नाहीतर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतात.