आगोटीपूर्वीची बेगमी: कोकणातल्या काटकसरीच्या घराचा उन्हाळा

आगोटी म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्या चार महिन्यांत घरात काही वाळत नाही, बाजारात भाजी महाग असते, मासळी दुर्मीळ होते आणि ओले लाकूड पेटत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंतचे ऊन ही आपल्या घराची खरी मिळकत आहे, असे मानून तिचे वेळापत्रक आखावे. काटकसर म्हणजे कमी खाणे नव्हे. परसात फुकट पिकणारे आणि फुकट वाळणारे काहीही वाया जाऊ न देणे म्हणजे काटकसर, आणि त्यासाठी कोणते काम कोणत्या उन्हात करायचे हे आधी ठरवावे लागते.

उन्हाचे दिवस सारखे नसतात. मार्चमधले ऊन कोरडे असते. मेच्या मध्यानंतर तापमान चढलेले असले तरी समुद्राकडून येणारी हवा दमट होते, दुपारनंतर ढग जमतात आणि एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो. त्यामुळे ज्या पदार्थांना कडक आणि कोरडे ऊन हवे ते आधी उरकावेत. तांदळाचे, पोह्यांचे व नाचणीचे पापड, फेण्या, सांडगे आणि ताकातल्या मिरच्या मार्चअखेरपर्यंत डब्यात गेल्या पाहिजेत. हळद, मिरची आणि मसाल्याचे इतर जिन्नस एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात वाळवून दळून घ्यावेत. आंबा, फणस आणि कोकम यांचा मोसम आपल्या हातात नसतो. त्यांच्यासाठी अंगण आणि हात मोकळे ठेवायचे असतील तर बाकीची वाळवणे त्यांच्या आधी संपवणे हाच उपाय आहे. शिवाय मे महिन्यात मुंबईहून माणसे घरी येतात. फणस फोडणे, आंबे उतरवणे, विहिरीचा गाळ काढणे ही जास्त हातांची कामे त्यांच्यासाठी राखून ठेवावीत.

पाणी

एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात, कारण जांभा दगड सच्छिद्र आहे, जमीन समुद्राकडे उतरती आहे आणि मुरलेले पाणी फार काळ थांबत नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरीला आणखी एक धोका असतो. एकाच वेळी फार उपसा केला तर गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारे पाणी आत सरकते. म्हणून पंप एकदाच तासन् तास चालवण्याऐवजी सकाळी थोडा आणि संध्याकाळी थोडा चालवावा. पाण्याची चव बदलल्यासारखी वाटली तर उपसा लगेच कमी करावा.

माडांना पाणी हवेच, पण ते आळ्यात टिकवता आले तर निम्मे काम वाचते. नारळाची सोडणे, म्हणजे वरची तंतुमय साले, पुष्कळ घरांत नुसती जाळली जातात. माझ्या मते चुलीपेक्षा माडाच्या मुळाशी त्यांचे मोल अधिक आहे, कारण सुके सोडण स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ते पाचपट पाणी धरून ठेवते. आळ्यात वरून आच्छादन करायचे असेल तर सोडणे उपडी, म्हणजे फुगीर बाजू वर ठेवून, पसरावीत, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. चर खणून पुरायची असतील तर मात्र ती उताणी, वाटीसारखी, थरावर थर लावावीत, म्हणजे त्यांत पाणी साठते. असा चर बुंध्यापासून सुमारे दोन मीटर अंतरावर घ्यावा. एकदा पुरलेली सोडणे पाच-सहा वर्षे उपयोगी पडतात. न्हाणीघराचे आणि भांडी घासल्याचे पाणी पाट काढून केळी व अळूकडे वळवावे. शिंपण नेहमी पहाटे किंवा ऊन कलल्यावर करावे.

पाणी सर्वांत खाली जाते तेव्हा, म्हणजे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, विहिरीचा गाळ काढावा. उतरणाऱ्या माणसाला दोर बांधावा, वर दोन माणसे उभी असावीत आणि डिझेलचे इंजिन कोणत्याही परिस्थितीत विहिरीच्या आत ठेवून चालवू नये. त्याचा धूर आत कोंडतो आणि जीव घेतो. गाळ काढून पाणी पुन्हा भरले की ब्लिचिंग पावडर टाकावी. चांगल्या प्रतीच्या, सुमारे 33 टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम आहे. गोल विहिरीतले पाणी मोजण्यासाठी व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि 3.14 यांचा गुणाकार करून त्याला चारने भागावे, म्हणजे घनमीटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी असेल तर साधारण 14 घनमीटर, म्हणजे 14 हजार लिटर पाणी होते आणि त्याला 35 ग्रॅम पावडर लागते. पावडर बादलीत कालवून निवळू द्यावी, खाली बसलेला चुना तसाच ठेवावा आणि वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत सोडून खालीवर हलवावी. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नये.

कोकम

कोकमासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा. फळे एप्रिलपासून लाल होऊ लागतात, पण पुष्कळ झाडांवरची निम्मी फळे पाऊस आला तरी झाडावरच असतात आणि ती सडून जातात. नवे झाड लावायचे असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेली ‘कोकण अमृता’ ही जात विचारात घ्यावी, कारण तिची फळे पावसापूर्वी हाती येतात. जुन्या झाडांची फळे मात्र दर दोन-तीन दिवसांनी उतरवत राहावे. एकदम सगळी उतरवली तर वाळवायला अंगण पुरत नाही.

आमसुलांसाठी पूर्ण पिकलेली फळे धुऊन, पुसून, दोन भाग करावीत. साली वेगळ्या कराव्यात आणि बिया, गर व रस एका मातीच्या, चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात घेऊन त्यात त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश मीठ विरघळवावे. तांबे, पितळ व अॅल्युमिनियम यांची भांडी घेऊ नयेत, कारण कोकमातले आम्ल त्यांना खाते. साली दिवसभर उन्हात ठेवाव्यात, संध्याकाळी त्या खारट रसात बुडवाव्यात आणि सकाळी निथळून पुन्हा उन्हात घालाव्यात. अशी पाच-सहा पुटे दिली की साल काळसर, जाड आणि लवचीक होते. पुटे कमी दिली तर आमसूल फिके राहते आणि श्रावणापर्यंत त्याला बुरशी येते. मधेच आभाळ आले तर साली ओल्या ढिगात ठेवू नयेत. सुपात पातळ पसरून चुलीच्या वरच्या बाजूला, उबेला ठेवाव्यात.

ज्या फळांसाठी अंगणात जागा उरत नाही त्यांचे आगळ करावे. चिरलेल्या फळांचे आणि मिठाचे थर बरणीत लावून, आठवडाभर रोज हलवून, सुटलेला रस गाळून घ्यावा. निघणाऱ्या एक किलो रसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ पडेल असा अंदाज ठेवावा. हे आगळ वर्षभर टिकते आणि सोलकढीला रोज उपयोगी पडते. अमृत कोकम सगळ्यांना आवडते, पण त्याला सालींच्या दुप्पट साखर लागते. काटकसरीच्या घराने ते पाहुण्यांपुरते करावे आणि बाकीचे कोकम मिठात घालावे. राहिलेल्या बिया धुऊन, वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येते आणि थंड झाल्यावर ते गोठते. हे मुटेल पावसाळ्यात चिखलाने फुटलेल्या टाचांना लावायला घरात असलेच पाहिजे.

आंबा आणि फणस

हापूस हे घरातले नगद पीक आहे. तो विकावा आणि घरची गरज रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी, आंब्यांवर भागवावी. विक्रीचा आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाल्यावर, सकाळच्या वेळी, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट उतरवावा. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, साल काळी पडते आणि भाव उतरतो. घरच्या आंब्यांची आढी पिकवण्यासाठी भाताच्या पेंढ्यात घालावी आणि डागी फळे रोज निवडून काढावीत.

मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या कोणी उचलत नाही, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. त्या सोलून, फोडी करून, मीठ लावून वाळवल्या की आंबोशी होते, आणि जुलैत डाळीला किंवा सुक्या मासळीच्या कालवणाला तिचीच आंबट चव येते. पिकलेल्या रायवळांचा रस थोडा आटवून, तूप लावलेल्या ताटात पातळ पसरून, एक थर सुकला की दुसरा, अशी पोळी करावी. जाड थर एकदम ओतला तर वरून सुकतो आणि आत आंबतो.

बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या, फणसाच्या रसाचीही अशीच पोळी होते. काप्याचे, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या फणसाचे, गरे कोवळे असताना खोबरेल तेलात तळावेत किंवा मिठाच्या पाण्यात घालून ठेवावेत. आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, फेकू नयेत. त्या धुऊन, सावलीत सुकवून, राखेत किंवा तांबड्या मातीत घोळवून घराच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवल्या तर पावसाळ्यात भाजीची अडचण बऱ्याच दिवसांपुरती मिटते.

मासळी, सरपण, तेल

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीवर 1 जूनपासून बंदी लागू होते, त्यामुळे सुकी मासळी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घ्यावी. नंतर भाव चढतो आणि दमट हवेत वाळलेला माल टिकत नाही. बोंबील, जवळा, सोडे आणि खारे बांगडे आणल्यावर घरी पुन्हा दोन कडक उन्हे द्यावीत, पूर्ण थंड होऊ द्यावेत आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम भरले तर आत घाम धरतो.

सरपणासाठी झावळ्यांचे पिढे (जाड देठ), पोयी (माडाच्या फुलोऱ्याची कवचे), करवंट्या आणि शेणी मेमध्येच पडवीत रचून ठेवाव्यात. झावळ्यांचे झाप विणून पडवीच्या पश्चिमेला लावावेत, कारण पावसाची झड तिकडूनच येते. सुके नारळ फोडून खोबरे चांगले वाळवावे आणि घाण्यावर नेऊन वर्षाचे तेल काढून आणावे. दहा किलो खोबऱ्याला सहा किलोच्या आसपास तेल मिळते.

धान्य आणि बियाणे

कुळीथ, पावटे आणि वाल कडक उन्हात तापवून, थंड करून, राख चोळून ठेवावेत. खाण्याचे भात आणि बियाण्याचे भात एकत्र ठेवू नये. बियाण्याची निवड रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे 25 मेच्या आधी करावी. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतावे आणि ढवळावे. तरंगणारे पोचट दाणे काढून कोंबड्यांना द्यावेत. तळाला बसलेले दाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावेत. मिठाचा अंश राहिला तर रुजवा कमी होतो, म्हणून या धुण्यात कसर करू नये. धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, पेरायचे असेल तर हे बियाणे पाऊस येण्याआधी तरव्याच्या, म्हणजे रोपे तयार करायच्या, जमिनीत पडले पाहिजे. ज्यांच्या शेतात चिमण्या आणि मुंग्यांचा त्रास अधिक आहे त्यांनी पहिल्या चांगल्या पावसापर्यंत थांबावे आणि पेरणीपुरते बियाणे राखून ठेवावे.