धर्माच्या कोर्सला टीए, म्हणजे प्रोफेसरांचे सहायक, म्हणून लागलात? पहिला निबंध तपासायच्या आधी करायच्या गोष्टी

आधी एक प्रसंग सांगते, कारण या कामातला सगळा वैताग त्यात आला. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांवर निबंध होता. पहिल्या अध्यायात आधी प्राणी आणि मग स्त्री-पुरुष एकत्रच, दुसऱ्यात आधी पुरुष, मग प्राणी आणि शेवटी स्त्री, तर हा क्रम वेगळा का यावर लिहायचं होतं. एका मुलाने चार पानं लिहिली, त्यातली साडेतीन देवाची करुणा, आजीचं आजारपण, प्रार्थनेने ती कशी बरी झाली यावर, आणि प्रश्नाचं उत्तर फक्त एका परिच्छेदात. वाचताना गळा दाटून आला खरं सांगते, पण मार्क कशाला द्यायचे? रात्री एक वाजता समासात "विषयाला धरून नाही" एवढंच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो ऑफिस अवर्सला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, येऊन म्हणाला, मॅडम, माझ्या श्रद्धेमुळे मार्क कापलेत ना?

त्याला तसं वाटणं साहजिक होतं, कारण मार्क कशाला आहेत हे मी कोर्स सुरू होताना सांगितलंच नव्हतं. म्हणून पहिल्याच तासाला सांगा आणि रुब्रिकमध्ये, म्हणजे मार्क कशाला किती याच्या तक्त्यात, लिहून ठेवा: तुम्ही काय मानता याला मार्क नाहीत आणि त्याबद्दल मार्क कापलेही जाणार नाहीत, मजकूर नीट वाचलाय का, ठाम दावा केलाय का आणि त्याला आधार दिलाय का, एवढंच बघणार. हे प्रोफेसरांना मेल करून त्यांचा होकार लेखी घ्या, कारण तक्रार त्यांच्याकडेच जाते आणि तेव्हा "असं ठरलंच नव्हतं" असं झालं तर मधल्यामध्ये तुम्ही सापडता.

समासात "चूक" लिहायचं सोडा, प्रश्न लिहा. "हा दावा कुठल्या ओळीवर उभा आहे?" किंवा "याच परंपरेत याला कोणी विरोध केलाय का?" हेच प्रश्न "ही सगळी अंधश्रद्धा आहे" असं एका वाक्यात उडवून लावणाऱ्यालाही विचारायचे, तिथे ढिलाई केलीत तर वर्गाला लगेच कळतं. आणि सगळ्यात अवघड निबंध म्हणजे "सर्व धर्म शेवटी एकच सांगतात", कारण ऐकायला छान वाटतं आणि लिहिणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. त्याला मी विचारते, कुठले दोन, आणि एकच म्हणजे नेमकं काय? अद्वैत वेदान्तात आत्मा हेच ब्रह्म आणि थेरवाद बौद्ध मतात मुळात कायमचा आत्माच नाही, हे दोन शेजारी ठेवून लिही म्हटलं की तोच निबंध पुढच्या ड्राफ्टला धारदार होऊन येतो.

नावं झाकून तपासा. बाकी विषयांतही चांगलंच आहे ते, पण इथे जास्त गरजेचं, कारण नावावरून बऱ्याचदा धर्म कळतो आणि आपण कितीही सरळ असलो तरी मनात काहीतरी हलतंच. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. आणि वेळेचा हिशोब आधीच मांडा, साठ निबंध गुणिले वीस मिनिटं म्हणजे वीस तास, ते तुमच्या ठरलेल्या तासांत बसत नसतील तर निबंध हातात यायच्या आधी प्रोफेसरांशी बोला, नंतर बोलून काही होत नाही.

चर्चेच्या तासाला एखाद्या मुलीकडे वळून "तुमच्यात असं का करतात" असं कधीच विचारू नका, ती अख्ख्या धर्माची प्रवक्ता म्हणून आलेली नाही. वर्ग तापतोय असं वाटलं तर फळ्यावर दोन व्याख्या लिहा. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ मध्ये धर्म शोधला तो एकट्या माणसाच्या अनुभवात, आणि समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १९१२ मध्ये पवित्र गोष्टींभोवती जमलेल्या समाजात, तेही व्याख्येत देव न आणता, कारण बौद्ध धर्म त्याच्या डोळ्यासमोर होता. मग विचारा, एकांतातलं ध्यान कुठल्या व्याख्येत बसतं, यात्रा कुठल्या? मुलं एकमेकांशी भांडायचं सोडून व्याख्यांशी भांडायला लागतात, हे मी दर वेळी बघितलंय.

डेडलाइन ठेवताना कॅलेंडर उघडा. शुक्रवारी रात्री ११:५९ ही सगळ्यांची आवडती वेळ, पण ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे तोवर शब्बाथ, त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागलेला असतो आणि तो कडक पाळणारा विद्यार्थी कॉम्प्युटरला हातही लावत नाही. मुस्लिम कॅलेंडरचं, म्हणजे हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, मागच्या वर्षीच्या तारखा कॉपी करून चालत नाही.

"तुम्ही स्वतः देव मानता का?" हे विचारणारच. कोर्स संपल्यावर सांगेन असं म्हणा, आणि खरंच सांगा.

मार्कांवरून कोणी आलं तर तिथल्या तिथे वाद घालू नका, एक दिवस थांबायला सांगा, हरकत लिहून मागा, निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचा आणि तरी जमलं नाही तर प्रोफेसरांकडे पाठवा. त्या मुलाबरोबर मी शेवटी हेच केलं. दुसऱ्यांदा वाचून सगळ्यात वर लिहिलं, "आजी बरी झाली हे वाचून खूप बरं वाटलं", आणि त्याखाली, "तिसऱ्या पानावरचा शेवटचा परिच्छेद उत्तम आहे, तिथून निबंध सुरू कर आणि परत दे."