आपल्या आमदाराची कुंडली काढायची असेल तर

निवडणूक जवळ आली की गावाच्या ग्रुपवर दोनच मेसेज फिरतात, एकतर "भाऊंनी मतदारसंघाचा कायापालट केला" नाहीतर "पाच वर्षांत तोंड दाखवलं नाही". पुरावा दोघांकडेही नसतो. खरं तर आमदाराची सगळी कारकीर्द कागदावर पडलेली असते आणि बरीचशी घरबसल्या मोबाईलवर मिळते, फक्त कुठं बघायचं आणि बघितलेलं कसं वाचायचं ते माहीत पाहिजे. मी दोनेक वर्षं हा उद्योग करतोय, एकदा तोंडावर आपटलोय पण, ते पुढे सांगतो.

सुरुवात निकालांपासून करा. निवडणूक आयोगाच्या साइटवर जुन्या निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये आहेत, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची, तिथपासून मतदारसंघवार कोणाला किती मतं ते सापडतं. आता नुसतं "किती वेळा निवडून आले" एवढंच लिहून घेऊ नका. सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या, आबासाहेब, शेकापचे म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, अकरा वेळा आमदार, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते १९७२ ला पडले होते आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, हे किती जणांना माहितीये? १९९५ ला तर फक्त १९२ मतांनी गेले, शहाजीबापू पाटलांकडून, हो तेच ते झाडी-डोंगरवाले. मग १९९९ ला पुन्हा निवडून आले ते २०१९ पर्यंत, तेव्हा स्वतःच उभे राहिले नाहीत. त्या वर्षी नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला, पुन्हा शहाजीबापूंकडूनच, आणि २०२४ ला दुसऱ्या नातवानं जागा परत शेकापकडे आणली. अकराच्या आकड्यापेक्षा मला आबासाहेबांच्या ह्या दोन पराभवांत जास्त इंटरेस्ट वाटतो, कारण माणूस पडल्यावर काय करतो, पक्ष बदलतो का घरी बसतो का त्याच लाल बावट्याखाली परत उभा राहतो, त्यावरून तो कळतो.

अजून एक, टर्म गुणिले पाच असा हिशोब करू नका. १९७८ ची विधानसभा दोन वर्षांतच बरखास्त झाली, १९८० ला परत निवडणूक लागली. म्हणून अकरा टर्म म्हणजे पंचावन्न वर्षं होत नाहीत, पन्नाशीच्या आसपास येतं. आणि २००९ पासून मतदारसंघांची फेररचना लागू झाली, तालुके इकडचे तिकडे गेले, तेव्हा २००४ च्या मतांची २००९ शी तुलना करून "लोकप्रियता घटली" असली पोस्ट टाकाल तर कोणीतरी जाणकार येऊन पाणउतारा करेल.

आपल्या गावात कुणाला किती पडली हे बघायचं असेल तर फॉर्म २० शोधा, बूथवार मतं त्यात असतात. हा फॉर्म उघडला की तासभर गेलाच समजा.

मग प्रतिज्ञापत्र. उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं द्यावं लागतं, आणि आयोगाचं त्यासाठी वेगळं पोर्टल आहे. एकच प्रतिज्ञापत्र वाचून काही कळत नाही, लागोपाठच्या दोन निवडणुकांची शेजारी-शेजारी उघडा. संपत्ती तिप्पट झाली म्हणून लगेच बोंब मारायची नाही. जमिनीच्या रकान्यात गट नंबर, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. गट नंबर तेच आणि फक्त बाजारभाव वाढला असेल तर त्यात विशेष काही नाही, तुमच्या चुलत्याच्या रानाचा भाव पण वाढलाच की. पण नवीन गट नंबर दिसले, खरेदीची तारीख आमदारकीच्या काळातली असली, तर मग थांबा आणि पाच वर्षांचं जे उत्पन्न दाखवलंय त्याच्याशी ताळा लावून बघा. गुन्ह्यांचं पण तसंच, आकडा नको, कलम बघा. जुन्या आयपीसीचं १४३ किंवा १८८ म्हणजे बहुतेक वेळा मोर्चा, रास्ता रोको, जमावबंदी मोडली वगैरे, आंदोलन करणाऱ्या माणसावर असले डझनभर असतात. ४२० म्हणजे फसवणूक किंवा ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न असेल तर गोष्ट वेगळी.

सभागृहातलं काम हा सगळ्यात रिच भाग आणि नेमका हाच कोणी बघत नाही. विधानमंडळाच्या साइटवर तारांकित प्रश्नांच्या याद्या मिळतात. तारांकित म्हणजे ज्याला मंत्र्यानं तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. भाषा एकदम ठरलेली असते, "हे खरे आहे काय", "असल्यास", "नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत", आणि खाली उत्तरं "होय", "अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही". पहिल्यांदा वाचताना हसू येतं पण त्या "अंशतः खरे आहे" च्या खाली जो परिच्छेद असतो ना, त्यात आपल्या रस्त्याची, धरणाची, दवाखान्याच्या रिकाम्या पदांची खरी माहिती सरकारी तोंडून मिळते, ती वाचा.

इथं एक फसगत आहे. एका प्रश्नावर दहा-दहा, वीस-वीस आमदारांची नावं असतात. त्यामुळे "आमच्या साहेबांनी शेकडो प्रश्न मांडले" असं कार्यअहवालात छापलं असेल तर त्यातल्या किती प्रश्नांवर साहेब उठून बोलले ते कार्यवाहीत, म्हणजे सभागृहात कोण काय बोललं त्याच्या नोंदीत, शोधा, उपप्रश्न कुणी विचारला त्याचं नाव तिथं असतं. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा असे विषय मांडायचे बाकीचे मार्ग पण बघा, लक्षवेधी लावून घेणं सोपं नसतं. आणि तुमचा आमदार मंत्री असेल तर त्याच्या नावावर प्रश्न शून्य दिसणार, कारण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. आबासाहेब पण १९७८ ला आणि १९९९ ला मंत्री होते, त्या काळात त्यांचे प्रश्न शोधत बसलात तर वेळ वाया जाईल.

पण सगळंच सभागृहात सापडत नाही हे पण आहे. आटपाडीच्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आबासाहेबांनी दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याची मागणी जी वर्षानुवर्षं लावून धरली, ती प्रश्नांच्या याद्या मोजून कळणार नाही. त्यासाठी जुने पेपर आणि जुनी माणसं. म्हाताऱ्यांना "काम कसं होतं" असं विचारू नका, "शेवटचं कधी भेटले होते, कशासाठी गेला होतात, काम झालं का" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला भाषण मिळतं, दुसऱ्याला माहिती.

आता आमदार निधी, कागदावर त्याला स्थानिक विकास निधी म्हणतात, जिथं मी आपटलो. महाराष्ट्रात २०२२ पासून हा वर्षाला ५ कोटी आहे. पैसा आमदाराच्या खिशात येत नाही हे आधी डोक्यात घ्या, आमदार काम सुचवतो, मंजुरी आणि पैसा जिल्हाधिकाऱ्यांकडून म्हणजे जिल्हा नियोजनच्या ऑफिसातून, आणि काम करते दुसरीच यंत्रणा. तर माहिती अधिकाराचा अर्ज तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं करायचा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्याकडच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रस्तावना, संताप, "लोकशाहीच्या या मंदिरात" वगैरे काही नको. सरळ लिहा: अमुक मतदारसंघ, अमुक ते अमुक आर्थिक वर्ष, स्थानिक विकास निधीतून मंजूर कामांची यादी, प्रत्येकाची मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा आणि काम पूर्ण झाल्याची तारीख.

माझ्या यादीत आमच्या फाट्यावरचा प्रवासी निवारा "पूर्ण" असा होता. मी जाऊन बघतो तर चार खांब आणि वर आभाळ. झालं, फोटो काढला, वर लाल बाण मारला, "निधी गेला कुठे" म्हणून ग्रुपवर टाकला, दीडशे लोकांनी पुढे पाठवला. संध्याकाळी एका काकांचा फोन, अरे बाळा यादीतला निवारा पलीकडच्या वस्तीच्या फाट्यावरचा आहे, पत्रे आहेत, बाकडं आहे, मी रोज तिथं बसतो, हे चार खांब तर ग्रामपंचायतीचे आहेत. यादी परत काढली तर कामाच्या पूर्ण नावात वस्तीचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं, मी पहिले तीनच शब्द वाचले होते. माफीचा मेसेज टाकला, तो कोणीच पुढे पाठवला नाही.

तेव्हापासून कामाचं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो, जागेवर जाताना यादीची प्रिंट नेतो आणि तिथं राहणाऱ्या एकाला तरी विचारतो मगच फोटो. कामाच्या बोर्डावर आमदाराचं नाव तीन फुटी अक्षरात असतं आणि रक्कम, वर्ष कोपऱ्यात, तर फोटो कोपऱ्याचा काढायचा.

उत्तराला ३० दिवस असतात. झेरॉक्सचे पानाला २ रुपये मागतील ते भरा, पावती ठेवा. उत्तर आलंच नाही किंवा "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं एका ओळीत आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याला २० रुपयांचं स्टॅम्प लागतं. मी दोन्ही स्टॅम्प एकदमच आणून ठेवतो.